बोस्टनच्या व्यापाऱ्याची मिळकत: वसाहतकाळातले वाटपाचे दप्तर पायरीपायरीने कसे वाचावे

अठराव्या शतकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रजी वसाहतीत बोस्टन किंवा सेलममधला एखादा बडा व्यापारी वारला, की त्याच्या मिळकतीचे सगळे कागद काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, प्रोबेट न्यायालयात (मृत्युपत्रे आणि वारसांची कामे पाहणाऱ्या न्यायालयात) जमा होत. बोस्टन सफोक काउंटीत येते, सेलम एसेक्समध्ये. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांच्या ज्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात तशी इथे पाकिटे आहेत, प्रत्येक मयताच्या नावाचे एक, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या छायाप्रती आता घरबसल्या पाहता येतात. पाकीट उघडणारा नवखा अभ्यासक सर्वांत आधी मृत्युपत्र शोधतो आणि माझ्या मते तिथेच त्याची वाट चुकते. व्यापाऱ्याची श्रीमंती पेटीत कमी आणि लोकांच्या अंगावर जास्त असते, आणि हे लोक म्हणजे बहुधा त्याचेच मेहुणे, जावई, पुतणे आणि व्याही. एकच माणूस वारस असतो, ऋणको असतो, जहाजातला भागीदार असतो आणि मिळकतीच्या कारभाऱ्याला जामीनही तोच राहिलेला असतो. म्हणून खालची पद्धत आधी माणसे, मग देणी-घेणी आणि सर्वांत शेवटी वाटणी अशा क्रमाने लावलेली आहे.

ही पद्धत मॅसॅच्युसेट्ससाठी, आणि तीही १६९२ ते १७८९ या काळासाठी आहे. व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्कमध्ये मृत्युपत्र नसले तर जमीन इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे थोरल्या मुलाकडे जाई, त्यामुळे तिथले दप्तर या नियमांनी वाचले तर हिशेब जुळणार नाही.

पहिली पायरी: नात्यांचा नकाशा, आणि तो मराठीत

कोऱ्या कागदावर मयताचे नाव मध्यभागी लिहावे आणि पाकिटातल्या प्रत्येक कागदावर आलेले प्रत्येक नाव, अगदी साक्षीदारांचेही, भोवती मांडावे. प्रत्येक नावापुढे दोन रकाने ठेवावेत, एक नात्याचा आणि एक व्यवहाराचा. नाते शक्यतो मराठीत लिहावे, कारण त्या काळचे इंग्रजी या बाबतीत फार ढिले आहे. पत्रात किंवा हिशेबात 'ब्रदर' लिहिलेला माणूस सख्खा भाऊ असेल, मेहुणा असेल किंवा साडूही असेल. 'कझिन' म्हणजे पुष्कळदा पुतण्या किंवा भाचा, आणि 'सन-इन-लॉ' म्हणजे कधी जावई तर कधी सावत्र मुलगा. आपल्या भाषेत ही सगळी नाती वेगवेगळ्या शब्दांनी बोलली जातात, त्यामुळे रकाना भरताना शब्द निवडावाच लागतो, आणि निवडता आला नाही तर आपल्याला अजून पुरावा मिळालेला नाही हे तिथल्या तिथे कळते. मी एका पाकिटातला 'ब्रदर' सख्खा भाऊ धरून पंधरा दिवस त्याचा बाप्तिस्मा शोधत बसलो होतो. तो निघाला बहिणीचा नवरा.

नकाशा किती गुंतू शकतो याचा चांगला नमुना फॅनुएल घराण्याचा आहे. फॅनुएल मूळचे फ्रान्समधल्या ला रोशेलचे ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट. अँड्र्यू फॅनुएल बोस्टनमध्ये गब्बर झाला आणि त्याने पीटर व बेंजामिन या पुतण्यांना हाताशी धरले, पण त्यांनी लग्न करू नये असा त्याचा हट्ट होता. बेंजामिनने लग्न केले. १७३८ मध्ये काका वारला तेव्हा बेंजामिनच्या वाट्याला पाच शिलिंग आले आणि मुख्य घबाड पीटरला मिळाले. पीटरच्या बहिणी डेव्हनपोर्ट, बुटिनो, फिलिप्स आणि जोन्स या घरांत दिल्या होत्या. त्यांतला फिलिप्सांकडचा जावई गिलम फिलिप्स याचा धाकटा भाऊ हेन्री याने १७२८ च्या जुलैत बोस्टन कॉमन या मैदानावर तलवारीच्या द्वंद्वात बेंजामिन वुडब्रिजला ठार केले, आणि त्याला रातोरात जहाजावर चढवून देण्यात पीटर फॅनुएलचा हात होता. हेन्री पळून गेला तो थेट ला रोशेलला, म्हणजे फॅनुएलांच्याच मूळ गावी, आणि पुढच्या वर्षी तिथेच वारला. लग्न नाही, मूल नाही, मृत्युपत्र नाही. त्याच्या मिळकतीवरून जो दावा उभा राहिला त्याने सगळ्या वसाहतीचा वारसा कायदा टांगणीला लावला. त्याकडे वाटणीच्या पायरीवर येऊ.

दुसरी पायरी: तारीख आणि चलन

१७५२ पर्यंत इंग्रजी अमलात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. पीटर फॅनुएल आपल्या हिशेबाने ३ मार्च १७४३ रोजी वारला, पण त्या वेळच्या कागदावर हे साल १७४२ किंवा १७४२/४३ असे येते. जानेवारी ते २४ मार्चमधली प्रत्येक तारीख दुहेरी सालाने उतरवून घ्यावी, नाहीतर माणूस मरण्याआधीच त्याच्या सामानाची याद झालेली दिसते.

चलनाचा घोळ याहून मोठा आहे. एकाच बोस्टनमध्ये पौंड तीन प्रकारचे होते: इंग्लंडचे स्टर्लिंग, वसाहतीचे लॉफुल मनी आणि कागदी नोटांचे ओल्ड टेनर. १७५० च्या सुमारास वसाहतीने चांदी देऊन कागदी नोटा काढून घेतल्या तेव्हा साडेसात पौंड ओल्ड टेनर बरोबर एक पौंड लॉफुल मनी असा दर ठरला. त्या हिशेबाने १०० पौंड स्टर्लिंग म्हणजे १३३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स लॉफुल मनी, आणि तेच १,००० पौंड ओल्ड टेनर. त्याआधी कागदी नोटांचा भाव वर्षागणिक घसरत होता, त्यामुळे एकच दर सगळ्या शतकाला लावता येत नाही. यादीवर चलन लिहिलेले नसेल तर चांदीच्या भांड्यांची ओळ काढावी. चांदी नेहमी औंसांत तोलून लिहिलेली असते, म्हणून किमतीला वजनाने भागले की उत्तर मिळते. औंसाला ६ शिलिंग ८ पेन्स आले तर लॉफुल मनी, पाचाच्या थोडे वर आले तर स्टर्लिंग, आणि तिसाच्या आसपास आले तर १७४० नंतरच्या दोनचार वर्षांतले ओल्ड टेनर. पीटर फॅनुएलच्या घरी सुमारे १,४०० औंस चांदी निघाली होती, त्यामुळे अशा याद्यांत ही ओळ सापडायला वेळ लागत नाही.

तिसरी पायरी: कारभार कोणाकडे गेला आणि जामीन कोण राहिले

मृत्युपत्र असेल तर त्यात नेमलेला एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राचा अंमल करणारा, न्यायाधीशापुढे ते शाबीत करून घेई. नसेल तर न्यायाधीश प्रशासक नेमी, आणि त्यात पहिला मान विधवेचा, मग जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाचा, आणि कोणीच पुढे आले नाही तर मोठ्या धनकोचा. पीटर फॅनुएलने मृत्युपत्र केलेच नव्हते. त्यामुळे प्रशासक झाला भाऊ बेंजामिन, आणि काकाने ज्याला पाच शिलिंगांवर बसवले होते त्याच्या हाती पाचच वर्षांनी काकाचीच संपत्ती आली, बहिणींच्या वाट्यासह.

प्रशासकाने दिलेले जामीनखत लोक छापील नमुना म्हणून उलटून टाकतात. तसे करू नये. त्यावर दोन जामिनांच्या सह्या असतात, आणि जामिनाची रक्कम बहुधा मिळकतीच्या अंदाजी किमतीच्या दुप्पट धरलेली असे, म्हणजे याद होण्याआधीच घरच्यांना मिळकत केवढी वाटत होती याचा अदमास तिथे मिळतो. जामीन कोण आहे हे नकाशावर ताडून पाहावे. जामीन राहिलेला मेहुणा जर मयताचा ऋणकोही असेल, तर पुढच्या हिशेबात त्याच्याकडच्या येण्याची वसुली का रखडली याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

चौथी पायरी: याद

न्यायाधीश तीन पंच नेमी. ते शपथ घेऊन घरात शिरत आणि खोलीमागून खोली, वस्तूमागून वस्तू लिहीत जात. साधारणपणे याद तीन महिन्यांत आणि हिशेब वर्षात सादर करण्याची अट असे, जरी बड्या मिळकतींत ती क्वचितच पाळलेली दिसते. यादीवरून घराचा आराखडा काढता येतो. बैठकीच्या खोलीपासून तळघरातल्या मद्याच्या पिंपांपर्यंत पंच ज्या वाटेने चालले त्याच वाटेने आपण चालायचे, आणि एखादी खोली गाळलेली दिसली तर ती कोणाची होती हे विचारायचे. बायकोचे कपडे, मुलीच्या नावाचा पलंग, भागीदाराचा ठेवलेला माल अशा वस्तू यादीबाहेर राहत, आणि भांडणे तिथूनच सुरू होत.

कापडाच्या ओळींवर मराठी वाचकाची नजर अडखळते. 'चिंट्झ' म्हणजे आपली छीट, 'बंडाना' म्हणजे बांधणी, आणि 'रोमाल' म्हणजे रुमाल. शतकाच्या अखेरीस सेलमची जहाजे थेट मुंबईला येऊ लागली. एलायस हॅस्केट डर्बीसारख्या व्यापाऱ्याच्या जहाजांनी मुंबईचा कापूस नेला, आणि मुंबईतले पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया अमेरिकन कप्तानांचे दलाल म्हणून काम पाहत. त्यांचे चित्र १८०३ मध्ये सेलमच्या ईस्ट इंडिया मरीन सोसायटीच्या संग्रहात गेले. त्या काळच्या पाकिटात मुंबईच्या दलालाकडचे येणे सापडले तर ती ओळ इथल्या अभ्यासकाने तरी सोडू नये.

चांदी आणि घोडागाड्यांच्या त्याच यादीत गुलाम माणसेही किंमत लावून लिहिलेली असतात. पीटर फॅनुएलच्या यादीत पाच होती. मॅसॅच्युसेट्समधली गुलामगिरी १७८३ च्या न्यायालयीन निर्णयांनी मोडली, तोवर हे चालले. अशी नोंद आली की तिला वस्तूंच्या बेरजेत मिसळू न देता वेगळ्या कागदावर घ्यावी आणि नाव, वय, किंमत, पुढे कोणाच्या वाट्याला गेले हे शेवटच्या पावतीपर्यंत शोधावे. या माणसांच्या आयुष्याचा लेखी मागमूस पुष्कळदा या एका ओळीपलीकडे कुठेच नसतो.

पाचवी पायरी: समुद्रावर असलेली मिळकत

व्यापारी मेला तरी त्याची जहाजे चालूच असतात. कप्तानाला मालक गेल्याची वार्ता कळायला कित्येक महिने लागत. पीटर फॅनुएल वारला तेव्हा त्याची भागी असलेले 'जॉली बॅचलर' हे जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या खरेदीला गेलेले होते. तिथे हल्ला होऊन कप्तान मारला गेला, दुसऱ्याच माणसांनी जहाज हाकून त्याच वर्षी ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला आणले, आणि त्यावरच्या बंदिवानांची विक्री तिथे झाली. अशा मिळकतीचा कागद सफोकच्या पाकिटात पूर्ण मिळत नाही. तो न्यूपोर्टच्या सागरी न्यायालयाच्या दप्तरात शोधावा लागतो. म्हणून यादीत जहाजाचे नाव आले, की ते मृत्यूच्या दिवशी कोठे होते आणि कोणत्या बंदरात परत आले हे आधी लिहून काढावे.

जहाजे एकट्याच्या मालकीची क्वचितच असत. जोखीम वाटून घेण्यासाठी अर्धा, चौथा, आठवा, सोळावा असे हिस्से पडत. आपल्या आणेवारीत मांडले तर सोळावा हिस्सा म्हणजे बरोबर एक आणा. चार आणे मयताचे, आठ आणे मेहुण्याचे, चार आणे कप्तानाचे असा कागद केला की यादीतला आकडा अख्ख्या जहाजाचा आहे की फक्त हिश्श्याचा हा गोंधळ सुटतो. हा गोंधळ इतका सर्रास होतो की छापील घराणेकथांतल्या श्रीमंतीच्या आकड्यांकडे मी सहसा संशयानेच पाहतो.

सहावी पायरी: येणी आणि देणी

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. येणी तीन प्रकारची असतात: गहाणखतावरची, सहीच्या रोख्यावरची आणि नुसत्या वहीवरची. पहिली दोन वसूल होतात. वहीवरच्या येण्यांची पंच चांगली, संशयित आणि बुडीत अशी विभागणी करत, आणि बुडीत रकान्यात कोणाकोणाची नावे आहेत हे नकाशावर पाहिले तर घरातले राजकारण उघडे पडते. परक्याचे येणे चांगले आणि सख्ख्या भाच्याचे बुडीत, असे पुष्कळदा दिसते. भाचा खरोखर खंक झाला होता, की मामाच्या माणसांनी त्याच्यावर दया केली, हे ठरवायला भाच्याचे स्वतःचे पाकीट काढावे.

खातेवह्या बहुधा प्रोबेटच्या पाकिटात नसतात, त्या घराण्याच्या कागदांबरोबर कुठल्यातरी संग्रहात गेलेल्या असतात. थॉमस हॅनकॉक १७६४ मध्ये वारला आणि त्याचा व्यापार पुतण्या जॉन हॅनकॉककडे गेला. त्या घराण्याचे व्यापारी कागद आज हार्वर्डच्या बेकर लायब्ररीत आहेत. वही मिळाली तर मयताच्या मृत्यूनंतरच्या पानांवरही नजर टाकावी, कारण कारभारी त्याच वहीत त्याच खात्यावर पुढे जमा-खर्च लिहीत जातो आणि न्यायालयाला दिलेला हिशेब त्यातूनच बेतलेला असतो.

देणी येण्यांपेक्षा जास्त निघाली तर मिळकत नादार ठरे. मग न्यायालय आयुक्त नेमी, ते ठरावीक मुदतीत धनकोंचे दावे ऐकून यादी करत, आणि दफनाचा व शेवटच्या आजारपणाचा खर्च आधी भागवून उरलेले सगळ्यांना हिस्सेरशीने मिळे. धनकोंच्या या यादीत लंडनच्या पेढ्या आणि गल्लीतला न्हावी एका रांगेत बसलेले दिसतात.

सातवी पायरी: विधवेचा तिसरा हिस्सा

मृत्युपत्र नसले आणि मुले असली तर देणी फेडून उरलेल्या जंगमातला एक तृतीयांश विधवेचा कायमचा होई, आणि स्थावरातला एक तृतीयांश तिच्या हयातीपुरता. मूल नसेल तर जंगमातला अर्धा तिचा. स्थावरातल्या या हयातीपुरत्या हक्काला धनकोही हात लावू शकत नसत, म्हणून नादार व्यापाऱ्याची बायको घरात राहिली आणि धनको दाराशी थांबले, असे चित्र अनेक पाकिटांत आहे. हा हिस्सा जागेवर जाऊन मोजून दिला जाई, आणि तो कागद वाचताना आपल्याकडच्या जुन्या वाड्याचे वाटणीपत्र हाती आल्यासारखे वाटते: पूर्वेकडची खालची खोली, तिच्यावरची माडी, तळघराचा अमुक भाग, भट्टी वापरण्याचा हक्क, अंगणातून विहिरीवर जायची-यायची वाट. हा कागद नकाशासारखा काढूनच घ्यावा.

आठवी पायरी: वाटणीचे गणित

१६९२ च्या कायद्याप्रमाणे विधवेचा हिस्सा काढून उरलेले मुलामुलींना सारखे, फक्त थोरल्या मुलाला दोन वाटे. हा दुहेरी वाटा मॅसॅच्युसेट्सने १७८९ मध्ये रद्द केला. हयातीत मुलाला धंद्यासाठी किंवा मुलीला लग्नात दिलेले त्याच्या वा तिच्या वाट्यात वळते केले जाई. समजा देणी फेडून जंगम ९,००० पौंड उरले, आणि मागे विधवा, दोन मुलगे व दोन मुली आहेत, त्यांतल्या थोरल्या मुलीला लग्नात ५०० पौंड दिलेले आहेत. विधवेचे ३,००० गेले, उरले ६,०००. त्यात लग्नातले ५०० मिळवून ६,५०० झाले, आणि त्याचे पाच वाटे केले तर एक वाटा १,३०० चा. थोरल्या मुलाला २,६००, धाकट्याला १,३००, थोरल्या मुलीला ५०० वळते करून ८००, धाकटीला १,३००. बेरीज ६,०००. पाकिटातली वाटणी अशी जुळली नाही तर बहुधा लग्नातली एखादी रक्कम आपल्या नजरेतून सुटलेली असते. घर किंवा धक्का तोडता येत नसेल तर थोरला मुलगा अख्खी जागा घेऊन इतरांना पैसे देई. सरस-निरस मानाने असे वाटून घेण्यात भावाभावांचे तंटे लांबत जात.

पण बहिणींना जमिनीत वाटा देणारा असा कायदाच टिकतो का, हा प्रश्न लंडनला दोनदा गेला. वेट विन्थ्रॉप १७१७ मध्ये मृत्युपत्राविना वारला. मुलगा जॉन आणि बोस्टनचा व्यापारी थॉमस लेचमिअर याला दिलेली मुलगी ॲन, एवढे दोघेच वारस. शेजारच्या कनेक्टिकट वसाहतीतली जमीन सगळी मलाच, असे म्हणत जॉन लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापर्यंत, गेला आणि १७२८ मध्ये कौन्सिलने कनेक्टिकटचा वाटपाचा कायदाच रद्दबातल ठरवला. त्या निकालाच्या जोरावर गिलम फिलिप्स उठला आणि भाऊ हेन्रीची सगळी जमीन एकट्याने मागू लागला, आई व बहिणी विरोधात. 'फिलिप्स विरुद्ध सॅव्हेज' या दाव्याच्या नावातले सॅव्हेज हे बहिणीच्या सासरचे आडनाव. १७३८ मध्ये कौन्सिलने उलट निकाल दिला, कारण मॅसॅच्युसेट्सचा कायदा पूर्वीच इंग्लंडला जाऊन राजाची मान्यता घेऊन आलेला होता आणि कनेक्टिकटचा आलेला नव्हता. १७२८ ते १७३८ या दशकातल्या पाकिटांत वाटणी अर्धवट थांबलेली दिसली, तर या अनिश्चिततेचा विचार अवश्य करावा.

शेवटची पायरी: पावत्या, पालक आणि पुन्हा उघडलेले पाकीट

लग्न झालेल्या बाईचे जंगम कायद्याने नवऱ्याचे होई, त्यामुळे मुलीच्या वाट्याच्या पावतीवर सही जावयाची असते आणि 'पत्नीच्या हक्काने मिळाले' असा मजकूर असतो. अज्ञान वारसांसाठी पालक नेमला जाई, चौदा वर्षांवरच्या मुलाला तो निवडता येई, आणि निवड पुष्कळदा मामाची होई. पालकाचे पाकीट वेगळ्या क्रमांकाने असते आणि तेही काढावेच लागते.

सेलममध्ये डर्बी आणि क्राउनिनशील्ड या घरांत साटेलोटे झाले होते: एलायस हॅस्केट डर्बीची बायको क्राउनिनशील्डांची आणि त्याची बहीण मेरी क्राउनिनशील्डांच्या घरात. अशा ठिकाणी एका मिळकतीतली पावती दुसऱ्या मिळकतीच्या यादीत येणे म्हणून उतरते, म्हणून दोन्ही घरांची पाकिटे शेजारी ठेवूनच वाचावीत.

सर्वांत शेवटी विधवेच्या मृत्यूचे साल काढावे. ती गेली की तिच्या हयातीपुरता दिलेला तिसरा हिस्सा मोकळा होतो आणि पहिल्या पाकिटात वीस-तीस वर्षांनी नवा कागद पडतो, नव्या पंचांचा, नव्या चलनातला. तेव्हा पूर्वेकडच्या त्या खोलीची आणि विहिरीच्या वाटेची वाटणी नातवंडांमध्ये होते, आणि आपल्या नकाशाला आणखी एक पिढी जोडावी लागते.